किती, कुठून आणि किती दिवस

पीएच.डी.ला आलेल्या सिनॉप्सिसचा गठ्ठा चाळायला घेतला की एक वाक्य हटकून भेटतं: ‘अमुक पदार्थाची विषारकता तपासणे हा प्रस्तुत संशोधनाचा उद्देश आहे.’ पदार्थ बदलत राहतो. कधी कीटकनाशक, कधी चांदीचे नॅनोकण, कधी एखाद्या रानभाजीचा अर्क. वाक्य मात्र तेच. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही, पण संशोधनाचा प्रश्न म्हणून ते कुचकामी आहे. भरपूर दिलं तर मीठ मारतं, पाणीही मारतं. मग ‘विषारी आहे का’ याचं उत्तर कधी ‘नाही’ येणारच नसेल, तर चार-पाच वर्षं घालवून शोधायचं काय? मात्रेवरच विष ठरतं, हे पॅरासेल्सस या सोळाव्या शतकातल्या वैद्याने १५३८ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्याचं वचन प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मोठ्या आदराने येतं आणि दुसऱ्या प्रकरणापासून विसरलं जातं.

टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे विषशास्त्रात, शिरायचं म्हणजे हा एक प्रश्न सोडून द्यायचा आणि दुसरे चार विचारायची सवय लावून घ्यायची. किती? कुठून, म्हणजे तोंडावाटे, कातडीतून की श्वासातून? किती दिवस? आणि कोणाला? पदवी, प्रवेश परीक्षा, फेलोशिप हे सगळं लागतंच, पण ते यथावकाश होत जातं. सवय मात्र आपोआप लागत नाही.

‘कोणाला’ हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. डायक्लोफेनॅक हे माणसाला रोज दिलं जाणारं दुखण्यावरचं औषध. गुराला दिलं तर गुरालाही चालतं. पण औषध दिल्यानंतर लगेच मेलेल्या गुराचं मांस गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, रक्तात युरिक ॲसिड साठतं आणि आतले अवयव पांढऱ्या भुकटीसारख्या थराने माखतात. २००४ मध्ये हे कारण पक्कं झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. तोवर भारतीय उपखंडातली गिधाडं जवळजवळ संपत आली होती. ते औषध उंदीर, कुत्रा आणि माणूस या रीतसर चाचण्यांच्या रांगेतून पास होऊनच आलं होतं. रांगेत गिधाड नव्हतं, एवढंच.

आता आपल्या जवळचं प्रकरण. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं गेली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, डायफेन्थियुरॉन ही नावं त्या काळात रोज पेपरात होती. दरवर्षी विदर्भातून एखादा तरी विद्यार्थी या विषयावर काम करायची इच्छा घेऊन येतो, आणि ती इच्छा अगदी खरी असते. पण तो येतो आणि पहिल्याच बैठकीत म्हणतो, ‘सर, मोनोक्रोटोफॉसचा उंदरांवर तोंडावाटे परिणाम बघू या.’ तिथे त्याला थांबवावं लागतं. यवतमाळातली माणसं ते प्यायली नव्हती. अंगावर, पाठीवर, नाकातोंडात तुषार जात होते. पीक उंच वाढलेलं, उकाडा, घामाने भिजलेला सदरा, एका पंपात दोन-तीन औषधं एकत्र, आणि हे एक दिवस नव्हे, सलग कितीतरी दिवस. तोंडावाटे एकच डोस देऊन हे चित्र उभं राहत नाही.

दुसरी अडचण अजून बारीक आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारं, कोलिनएस्टरेज जातीचं एन्झाइम बंद पाडतात. म्हणून कोलिनएस्टरेज मोजलं की बाधा कळते, असा सरळ हिशेब मांडला जातो. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉससाठी तो बरोबर आहे. डायफेन्थियुरॉन मात्र त्या कुळातलं नाहीच. ते थायोयुरिया वर्गातलं, त्याचं शरीरात कार्बोडायइमाइडमध्ये रूपांतर होतं आणि ते मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जानिर्मिती रोखतं. त्याची बाधा झालेल्या माणसाचं कोलिनएस्टरेज नॉर्मल येऊ शकतं. नुसतं कोलिनएस्टरेज मोजणारा विद्यार्थी त्या माणसाला ‘बाधा नाही’च्या रकान्यात टाकून मोकळा होईल. बाधेची खूण म्हणून मार्कर निवडला तेव्हाच निष्कर्षाची अर्धी वाट ठरून गेलेली असते.

या क्षेत्रात यायच्या वाटा थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती कुठेही मिळते. बी.फार्म. झालेल्यांसाठी जीपॅट ही प्रवेश परीक्षा आणि मग नायपर ही औषधनिर्माणशास्त्राची राष्ट्रीय संस्था. पशुवैद्यक झालेल्यांसाठी औषधशास्त्र व विषशास्त्र विषयात एम.व्ही.एस्सी.; परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी जुनं आणि जाणतं ठिकाण. रसायनशास्त्रवाल्यांना न्यायवैद्यक प्रयोगशाळांची वाट, जिथे व्हिसेरातून, म्हणजे मृताच्या आतल्या अवयवांतून, विष वेगळं काढायचं असतं. बायोकेमिस्ट्री, झूऑलॉजी, लाइफ सायन्सेसवाल्यांनी नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा काढावी. लखनौची भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था १९६५ पासून केवळ याच कामाला वाहिलेली आहे, तिथली पीएच.डी. ॲकसिर या वैज्ञानिक संशोधनाच्या अकादमीमार्फत होते. अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, परळला प्रजनन आरोग्याची. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि त्यापुढच्या एसआरएफला ४२,००० रुपये, वर घरभाडं. पैसे वेळेवर येतीलच असं नाही, तेव्हा पहिल्या चार-सहा महिन्यांची सोय बाजूला ठेवून यावं हे बरं.

आणि सगळ्या वाटा विद्यापीठातूनच जातात असंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर काम केलं ते खाटेवरच्या रुग्णांकडे बघत. त्या विषाने शरीरात ॲड्रेनालिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. ही साखळी त्यांनी रुग्णांच्या नोंदींमधून ओळखली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ती मध्येच तोडता येते, हे १९८०च्या दशकात दाखवून दिलं. लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. महागडं यंत्र त्यात एकही नव्हतं. किती वाजता चावला, किती वाजता आला, हातपाय गार होते का, घाम किती, या नोंदी होत्या.

प्रयोगशाळा निवडताना विद्यार्थी गाईडचं नाव आणि इम्पॅक्ट फॅक्टर बघतो. त्याने त्याऐवजी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या पाच वर्षांतल्या कंट्रोलची, म्हणजे पदार्थ न दिलेल्या गटाची, रीडिंगं एकत्र ठेवली आहेत का? पेशींच्या पॅसेजचं, म्हणजे त्या किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या याचं, रजिस्टर कोण भरतं? डोसिंगचं द्रावण एकदा तरी एचपीएलसी या प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर तपासलं जातं का, की बाटलीवर लिहिलं तेच प्रमाण धरतात? उत्तरं देताना समोरचा अडखळला तर समजून घ्यावं. तिथे पेपर भराभर निघत असतील, पण शिकायला कमी मिळेल.

पहिलं वर्ष एकाच पद्धतीवर घालवावं असं माझं ठाम मत आहे. कोलिनएस्टरेजचंच उदाहरण घेतो. ही एलमनची पद्धत, १९६१ सालची, आणि दिसायला इतकी सोपी की दुसऱ्या दिवशी जमली असं वाटतं. उंदराच्या मेंदूचं होमोजिनेट, म्हणजे बफरमध्ये वाटून केलेलं मिश्रण, १ मि.लि. बफरमागे २० मि.ग्रॅ. ऊती. क्युव्हेटमध्ये, म्हणजे यंत्रात ठेवायच्या पारदर्शक कुपीत, २.६ मि.लि. फॉस्फेट बफर, ०.१ मोलर, पीएच ८. त्यात ०.४ मि.लि. होमोजिनेट, १०० मायक्रोलिटर डीटीएनबी हे रंग आणणारं द्रव्य (०.०१ मोलर) आणि शेवटी २० मायक्रोलिटर ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइड (०.०७५ मोलर), हे सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम जे फोडतं ते द्रव्य. एन्झाइम थायोकोलिन मोकळं करतं, ते डीटीएनबीशी जुळतं, पिवळा रंग येतो, ४१२ नॅनोमीटरला दर मिनिटाची वाढ मोजायची.

आता यात काय बिघडतं ते बघा. डीटीएनबी ३९.६ मि.ग्रॅ. घेऊन १० मि.लि. बफरमध्ये विरघळवायचं, पण तो बफर पीएच ७ चा, सोबत १५ मि.ग्रॅ. सोडियम बायकार्बोनेट. सवयीने पीएच ८ चाच बफर ओतला तर द्रावण लवकर खराब होतं आणि स्वतःच पिवळं पडू लागतं. ऊतीत ग्लुटाथायोनसारखी थायॉल द्रव्यं आधीपासून असतात, ती एन्झाइमशिवायही डीटीएनबीशी जुळतात. म्हणून सबस्ट्रेट घालण्याआधी रेषा सपाट होईपर्यंत थांबायचं. पाच-दहा मिनिटं लागतात, आणि घाईतल्या विद्यार्थ्याला नेमकी तीच नको असतात. सबस्ट्रेट पीएच ८ ला आपोआपही फुटतं, तेव्हा होमोजिनेट नसलेला ब्लँक रोज लावायचा. एन्झाइम जोरात असेल तर रंग काही मिनिटांतच यंत्राच्या भरवशाच्या मर्यादेबाहेर जातो. अशा वेळी पहिल्या दोन-तीन मिनिटांचाच उतार घ्यायचा किंवा होमोजिनेट पातळ करायचं. दहाव्या मिनिटाचं एकच रीडिंग घेऊन त्याला दहाने भागणारे आजही सापडतात.

रक्त घेतलं की नवी गंमत. हिमोग्लोबिनचं स्वतःचं शोषण ४१५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं, म्हणजे ४१२ वर आपण बराचसा रक्ताचाच रंग मोजत बसतो. त्यामुळे रक्तासाठी ४३६ नॅनोमीटर निवडतात. तिथे पिवळा रंग थोडा कमी दिसतो, रंगावरून प्रमाण काढायचा गुणांक १३,६०० ऐवजी १०,६०० घ्यावा लागतो, पण हिमोग्लोबिनचा त्रास खूप घटतो. रक्त कोणत्या नळीत घेतलं तेही बघायचं. साखरेच्या तपासणीची राखाडी झाकणाची नळी हाताला लागली म्हणून वापरली तर तिच्यातलं फ्लोराइडच एन्झाइम दाबतं आणि गावच्या गाव विषबाधित दिसू लागतं. बोटाला टोचून रक्त घेताना हात साबणाने आणि मग स्पिरिटने धुतले नाहीत, तर बोटावर राहिलेलं कीटकनाशक नमुन्यात उतरतं, आणि शरीरात न झालेली बाधा नळीत होते. कार्बामेट या कीटकनाशकांच्या दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत उलटं होतं. त्याचा एन्झाइमवरचा पगडा सैल असतो, नमुना पातळ केला किंवा टेबलावर पडून राहिला की एन्झाइम सुटतं आणि बाधा झालेला माणूस ठणठणीत दिसतो. उपचारात प्रॅलिडॉक्सिम दिलेलं असेल तर ते औषध स्वतःच सबस्ट्रेट फोडतं. म्हणून रुग्णाला काय दिलं, किती वाजता दिलं, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर हवंच.

शिवाय माणसामाणसांत कोलिनएस्टरेजचा फरक इतका मोठा असतो की एकाचं नॉर्मल ते दुसऱ्याचं अर्धं निघू शकतं. एका रीडिंगवरून फारसं काही बोलता येत नाही, फवारणीच्या हंगामाआधीची पातळी माहीत हवी. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी असा नियमच आहे. आधीच्या पातळीच्या ८० टक्क्यांवर घसरलं की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींतलं ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आलं की माणसाला त्या कामावरून हलवायचं. प्लाझ्मातलं काही आठवड्यांत भरून येतं, लाल पेशींतलं नव्या पेशी तयार होतील तसं, दिवसाला साधारण एक टक्का. विदर्भात काम करू म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने मे-जूनमध्येच गावात जाऊन आधीचे नमुने घेतले नाहीत, तर सप्टेंबरातल्या नमुन्यांचं करायचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहणारच.

आता पदार्थाकडे वळू. क्लोरपायरिफॉस थेट क्युव्हेटमध्ये टाकून एन्झाइम किती दबतं हे बघणारा नवखा विद्यार्थी चक्रावतो, कारण फारसं काही दबत नाही. क्लोरपायरिफॉसमध्ये फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं. यकृतातली सीवायपी एन्झाइमं ते काढून तिथे ऑक्सिजन बसवतात आणि मग तयार होणारा ऑक्सॉन खरा मारक. क्युव्हेटमध्ये यकृत नाही, त्यामुळे मारक तयारच होत नाही. मोनोक्रोटोफॉसला ऑक्सिजन आधीपासूनच आहे, ते सरळ काम करतं. आणि कधी क्लोरपायरिफॉसने एन्झाइम दाबलेलं दिसलंच, तर आधी बाटली किती जुनी आहे ते बघावं. साठवणुकीत थोडा ऑक्सॉन तयार होऊन बसलेला असतो आणि सगळा पराक्रम त्याचाच असतो.

कृषी सेवा केंद्रातून आणलेली बाटली आणि रसायनाचा शुद्ध नमुना यांतही फरक आहे. बाटलीत सॉल्व्हंट असतात, पसरवणारी द्रव्यं असतात, आणि पेशींना त्यांचाच त्रास जास्त होऊ शकतो. शेतकऱ्याच्या अंगावर बाटलीतलं मिश्रण पडतं, तेव्हा मिश्रण तपासणं चूक नाही. पण मिश्रण तपासून निष्कर्ष शुद्ध रसायनाच्या नावावर खपवणं चूक आहे. किमान एक गट असा हवा ज्यात सगळं काही आहे, फक्त कीटकनाशक नाही. कंपन्या तो कोरा फॉर्म्युलेशन सहसा देत नाहीत, आणि मग बरेच जण तो गट गाळून टाकतात.

पेशींवरच्या कामाचं आकर्षण वेगळंच. परवानग्या कमी, निकाल लवकर. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून हेपजी-२ या माणसाच्या यकृताच्या पेशी मागवल्या, ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये वेलमागे दहा हजार पेशी पेरल्या, चोवीस तासांनी पदार्थ घातला, आणखी चोवीस तासांनी एमटीटी ही रंगाची चाचणी. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचे जांभळे स्फटिक करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचं. १९८३ पासून ही पद्धत जगभर चालते आणि तेव्हापासून जगभर चुकतेही. प्लेटच्या कडेच्या ३६ वेल इन्क्युबेटरमध्ये आधी सुकतात, कडेला पातळी बदलते. म्हणून तिथे नुसतं बफर भरायचं आणि मधल्या ६० वेल वापरायच्या. पदार्थाच्या डीएमएसओत केलेल्या एकाच स्टॉकमधून वेगवेगळं माप घालून डोस वाढवत नेले तर डीएमएसओही डोसाबरोबर वाढत जातं, आणि सगळ्यात वरच्या डोसाला मेलेल्या पेशी नक्की कोणी मारल्या हे सांगता येत नाही. सगळ्या वेलमध्ये, कंट्रोलमध्येसुद्धा, डीएमएसओ सारखं हवं, आणि ०.५ टक्क्याच्या आत.

वनस्पतींच्या अर्कांवर काम करणाऱ्यांसाठी तर एमटीटीत खास सापळा आहे. अर्कातली पॉलिफिनॉल द्रव्यं पेशींच्या मदतीशिवायच एमटीटी जांभळं करतात. पेशी मेल्या तरी रंग चढतो आणि अर्क ‘सुरक्षित’, कधीकधी तर ‘पेशीसंवर्धक’ ठरतो. तपासणी सोपी आहे: पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून बघायचं. जांभळं झालं तर एमटीटीआधी अर्क धुऊन काढायचा किंवा पद्धतच बदलायची. ही एक वेल लावायला खर्च शून्य. तरीही ती नसलेले पेपर दर महिन्याला छापले जातात.

पेशींना दिलेला डोस माणसाच्या संदर्भात कुठे बसतो, तेही मोजावं. पॅरासिटामॉलने हेपजी-२ मारायच्या म्हटल्या तर १० मिलीमोलरच्या घरात जावं लागतं. रेणुभार १५१, म्हणजे मि.लि.ला सुमारे १५०० मायक्रोग्रॅम. रुग्णालयात पॅरासिटामॉल जास्त घेतलेल्या माणसाच्या रक्तात चार तासांनी मि.लि.ला १५० मायक्रोग्रॅम दिसले की एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा सुरू करतात. आपण त्याच्या दहापट ओतलेलं असतं. पेशी इतक्या चिवट का? हेपजी-२ मध्ये सीवायपी एन्झाइमं फार कमी असतात, त्यामुळे पॅरासिटामॉलचं खरं घातक रूप पुरेसं तयारच होत नाही. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचंही तसंच. यकृताच्या पेशी म्हणून हेपजी-२ घ्यायच्या आणि यकृताचं मुख्य कामच त्यात नसावं, हा विनोद कळायला पुष्कळ जणांना तिसरं वर्ष उजाडतं.

प्राण्यांवरचं काम सुरू करायच्या आधी संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीपुढे सगळ्यात जास्त वेळा अडतं ते ‘इतकेच प्राणी का’ या रकान्यात. ‘मागच्या पेपरमध्ये सहा होते’ हे उत्तर चालत नाही, चालू नयेही. जुनी एलडी-५० पद्धत, जिच्यात डझनावारी उंदीर मारून अर्ध्यांना मारणारा डोस काढत, चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या ओईसीडी या देशांच्या संघटनेने २००२ च्या अखेरीस रद्दच केली. आता ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत एका पायरीला तीनच प्राणी, सहसा माद्या, आणि सुरुवातीचे डोस ठरलेले: किलोमागे ५, ५०, ३०० किंवा २००० मि.ग्रॅ. काही माहिती नसेल तर ३०० पासून. मोनोक्रोटोफॉसचा उंदरासाठीचा तोंडावाटेचा एलडी-५० किलोमागे १४ मि.ग्रॅ.च्या आसपास, तेव्हा तिथे ५ पासूनच. दोनशे ग्रॅमच्या मादीला त्या हिशेबाने १ मि.ग्रॅ. हवं. एवढं थेट तोलायला जाऊ नये. ५० मि.ग्रॅ. तोलून १०० मि.लि. द्रावण करावं आणि त्यातलं २ मि.लि. द्यावं, म्हणजे १०० ग्रॅम वजनामागे १ मि.लि. हे मापही पाळलं जातं.

रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराला गोल टोकाच्या सुईने पोटात द्रव सोडतात. सुई किती आत जाईल हे आधी बाहेरून, तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, मोजून घ्यावं. अडथळा जाणवला तर ढकलू नये. सुई श्वासनलिकेत गेली तर प्राणी धडपडतो, नाकातून द्रव येतो आणि काही मिनिटांत मरतो. वहीत मात्र तो ‘डोस दिल्यानंतर मृत्यू’ म्हणून उतरतो. मेलेला प्रत्येक प्राणी उघडून फुप्फुसं बघितली तरच हा घोटाळा पकडता येतो. पहिली ३० मिनिटं प्रत्येकाकडे स्वतंत्र लक्ष, पहिल्या चार तासांत वरचेवर, मग रोज, १४ दिवस. लाळ, अश्रू, कंप, बाहुली बारीक होणं, पातळ विष्ठा, हे सगळं वेळेसह. रविवार धरून.

डोसाचा माणसाशी ताळा इथेही घालावा. अर्कांच्या प्रबंधांत ‘५०० मि.ग्रॅ. प्रति किलो’ हा आकडा इतक्या सहजतेने येतो की तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. उंदरावरून माणसाचा सममूल्य डोस काढताना ६.२ ने भागतात, म्हणजे किलोमागे साधारण ८० मि.ग्रॅ. साठ किलोच्या माणसाला रोज ४.८ ग्रॅम सुका अर्क. मूळ पाल्याच्या हिशेबात ती मोठी पेंढीच झाली. असा अर्क कोणी रोज घेणार नसेल तर त्या गुणाचं किंवा दोषाचं कौतुक कशाला?

आकडेमोडीत सगळ्यात महाग पडणारी चूक एकच: एका प्लेटमधल्या तीन वेलना तीन प्रयोग समजणं. त्या तीन वेल म्हणजे पिपेट किती स्थिर आहे याचा दाखला. प्रयोग तीन म्हणायचे तर पेशी वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजमधून, नव्याने बनवलेल्या द्रावणाने पुन्हा लावलेल्या हव्यात. गर्भावरच्या अभ्यासात पिल्लू मोजायचं नसतं, वीण मोजायची असते. दहा माद्यांची ऐंशी पिल्लं झाली तरी एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, दहाच. आणि ज्या डोसाला काही परिणाम दिसला नाही तो ‘सुरक्षित’ म्हणताना आपण डोस किती अंतराने निवडले होते ते आठवावं. १० आणि १००० असे दोनच डोस घेतले आणि १० ला काही दिसलं नाही, तर खरी मर्यादा ११ आहे की ९०० हे कळायला मार्ग नाही.

पीएच.डी. संपली की बरेच जण पुणे, हैदराबाद, बेंगळुरू किंवा वापीच्या पट्ट्यातल्या कंत्राटी चाचणी प्रयोगशाळांकडे वळतात. भारत ३ मार्च २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत पूर्ण सदस्य आहे. इथल्या जीएलपी, म्हणजे कामाच्या आणि नोंदींच्या ठरलेल्या शिस्तीने चालणाऱ्या, प्रयोगशाळेतला अहवाल युरोपात किंवा जपानात तसाच चालतो, पुन्हा प्राणी मारावे लागत नाहीत. विद्यापीठातून आलेल्याला तिथले पहिले काही महिने जाचक वाटतात. प्रत्येक तराजूचं रोजचं पान, फ्रीजच्या तापमानाची दिवसातून दोनदा नोंद, बदललेल्या प्रत्येक आकड्यावर एकच आडवी रेघ, जुना आकडा वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर इमारतीतच नाही. पेन्सिलही नाही. गुणवत्ता विभागाचा माणूस सांगून किंवा न सांगता येतो, डोसिंग चालू असताना मागे उभा राहतो आणि शेवटी विचारतो की सकाळी साडेनऊला तोललेल्या उंदराला साडेअकराला डोस दिला, तर मधले दोन तास पिंजऱ्यात खायला होतं की नव्हतं, आणि ते कुठे लिहिलं आहे.